चार कोटी अंकांची मूळ संख्या: "मावशी, मग त्यांनी भागलं कशाकशाने?"

मुलुंडची_पूर्व | सोमवार, दुपारी १:५०

मंडळी, मी हिशेबनीस. दिवसभर आकड्यांतच असते, पण ते जीएसटीचे आकडे. गणिताशी दहावीनंतर फारसं बोलणं राहिलेलं नाही. तरी धागा काढतेय, कारण घरात इज्जतीचा प्रश्न झालाय.

भाची आठवीत आहे. शनिवारी राहायला आली होती. मूळ संख्या ओळखायची शाळेतली रीत तिला पाठ आहे: वर्गमूळ काढायचं, तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, कुणाचाच भाग निःशेष गेला नाही तर संख्या मूळ. मी जरा भाव खायला म्हणून सांगितलं, की अगं, ऑक्टोबर २०२४ मध्ये एक मूळ संख्या सापडली, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी. २^१३६२७९८४१ − १. (ते ^ म्हणजे घात. तितके दोन एकमेकांशी गुणत जायचं, शेवटी एक वजा.)

तिने हातातला पोह्यांचा चमचा खाली ठेवला. "मावशी, मग त्यांनी भागलं कशाकशाने?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरने केलं. "हो, पण केलं काय?"

आज सकाळी गाडीत ती संख्या फोनवर उतरवून घेतली. मुलुंडला फाइल उघडली, ८८१६९४३२७५… एवढं दिसलं. घाटकोपरला फोन तापला, कुर्ल्याला पडदा काळा. आता ऑफिसच्या मशीनवरून लिहितेय. तर भागलं कशाने, आणि नेमकी हीच संख्या का? चार कोटी अंकांच्या इतर संख्या काय ओस पडल्या होत्या?

चौथी_सीट | सोमवार, दुपारी २:१५

उत्तर येत नाही, पण हिशेब करायला आवडतो. एक अंक दोन मिलिमीटर रुंद धरून ही संख्या रुळाच्या कडेने एका ओळीत लिहायला घेतली, तर चर्चगेटहून निघून विरार मागे पडतं आणि तरी बावीस किलोमीटर उरतात. एकूण ८२. सेकंदाला दोन अंक या वेगाने न झोपता वाचायची तर २३७ दिवस.

फोनची चूक नाही ताई. साधा मजकूर म्हणून ती ४१ एमबीची एकच ओळ आहे. कुठलंही अ‍ॅप रडेल.

कोडगा | सोमवार, दुपारी २:४०

आणि द्विमान पद्धतीत (नुसते ० आणि १) साठवली तर फक्त १७ एमबी, आणि त्यात बघण्यासारखं काही नाही. १११११११… असे १३,६२,७९,८४१ एक. झिप केलीत तर एवढीशी होईल.

गिरगावचे_आजोबा | सोमवार, रात्री ९:०५

कोडगा यांनी थट्टेत लिहिलं आहे, पण सगळं मर्म त्यातच आहे. शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे फळ्यावर लिहितोय असं समजून लिहितो. लांबण लागेल.

ताई, आधी भाचीला सांगा की तिची शंका रास्त आहे. भागून बघण्याची रीत इथे चालणारच नाही. या संख्येचं वर्गमूळच दोन कोटी पाच लाख अंकांचं. तिथपर्यंतच्या मूळ संख्या एकेक करून घ्यायच्या म्हटलं तर नुसत्या मोजायलासुद्धा विश्वाचं वय पुरणार नाही. म्हणून कुणी भागलंच नाही.

आता वही घ्या. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत सहा एक लिहा: ११११११. हे तीन-तीनचे दोन गट आहेत, १११ आणि १११. म्हणून ११११११ = १११ × १००१. किंवा दोन-दोनचे तीन गट: ११ × १०१०१. म्हणजे एकांची रांग सारख्या गटांत पाडता आली, की तिचे अवयव डोळ्यांना दिसतात. हीच रांग द्विमान पद्धतीत वाचलीत तर तोच गुणाकार तसाच्या तसा खरा राहतो, कारण हातचा कुठे येतच नाही. सहा एक म्हणजे तिथे ६३, आणि ६३ = ७ × ९, ६३ = ३ × २१.

त्यामुळे रांगेतल्या एकांची संख्या (म्हणजे घातांक) स्वतः मूळ नसेल, तर अख्खी संख्या मूळ असूच शकत नाही. १३६२७९८४१ ही मूळ संख्याच आहे. अशी एकांची रांग मूळ निघाली की तिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात.

ठाकुर्लीकर | सोमवार, रात्री ९:३०

अवांतर, पण राहवत नाही. एकांच्या रांगा म्हटल्यावर कापरेकरांची आठवण आलीच पाहिजे. डहाणूला १९०५ चा जन्म, देवळालीला शाळामास्तर, आणि ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे जगभर नाव. त्यांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, म्हणजे एकांच्या रांगांचेच वर्ग. डेम्लो म्हणजे जीआयपी रेल्वेचं डेम्लो स्टेशन, आपलं आजचं डोंबिवली. तिथे सुचल्या म्हणून ते नाव दिलं. आम्हाला त्या फलाटावर फक्त गाडी रद्द झाल्याची घोषणा सुचते.

कोडगा | सोमवार, रात्री ९:४१

दंडवत त्या मास्तरांना. पण आजोबा, मग काम सोपंच झालं की. घातांक मूळ घ्यायचा, संख्या मूळ. दोन ओळींचा प्रोग्रॅम.

गिरगावचे_आजोबा | सोमवार, रात्री १०:२०

सोपं झालं असतं तर बक्षिसं कशाला लागली असती? घातांक मूळ असणं ही अट आहे, हमी नाही. २, ३, ५, ७ पर्यंत छान चालतं: ३, ७, ३१, १२७, सगळ्या मूळ. अकराला ठेच लागते. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

ही ठेच मोठमोठ्यांना लागलेली आहे. मारें मर्सेन हे फ्रेंच धर्मगुरू. त्यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतचे कुठले घातांक चालतात त्याची यादी छापली. त्यात ६७ आणि २५७ चुकून घुसले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. पडताळायला कुणाकडे साधनच नव्हतं, म्हणून यादी दोनशे वर्षांहून जास्त तशीच फिरत राहिली.

त्यातल्या ६७ ची गोष्ट मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला सांगायचो. १८७६ मध्ये एदुआर ल्युका याने सिद्ध केलं, की २^६७ − १ मूळ नाही. अवयव कोणते ते मात्र त्याला सांगता येईना! १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फळ्यापाशी गेले. सांगतात ते असं, की चकार शब्द न काढता त्यांनी एका बाजूला १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ लिहिलं, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने करून दाखवला, दोन्ही जुळल्यावर खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला शोधायला, असं विचारल्यावर उत्तर दिलं: तीन वर्षांचे रविवार.

मला त्यातला ल्युकाच जास्त आवडतो. संख्या संयुक्त आहे हे अवयव न सापडताही कळू शकतं, हे पोरांच्या गळी उतरवायला मला प्रत्येक वर्षी दोन तास लागायचे. भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. उद्या लिहितो, डोळे दुखताहेत.

वजाबाकी | मंगळवार, सकाळी ७:५५

मस्त धागा. शेवटचे दोन अंक मात्र मी गाडीत उभ्या उभ्या काढले. दोनाच्या घातांचे शेवटचे दोन अंक वीस-वीस घातांनी परत येतात. १३६२७९८४१ ला २० ने भागलं की बाकी १. म्हणजे २^१ सारखं, ०२. त्यातून एक वजा, ०१. संख्येच्या शेवटी ०१ असणार.

मुलुंडची_पूर्व | मंगळवार, दुपारी १:३०

वजाबाकी, काल ऑफिसच्या मशीनवर फाइल एकदाची पूर्ण उघडली, म्हणून शेवट बघून आले. …५५१ आहे. ०१ नाही.

वजाबाकी | मंगळवार, दुपारी १:४४

अरेच्चा. मग चुकलं कुठे?

मुलुंडची_पूर्व | मंगळवार, रात्री ८:२०

मी नाही, भाचीने फोनवर शोधलं. ती म्हणाली, "मावशी, मोठ्या घाताला चारने भाग जातोच ना? मग शेवटी ०२ कसे येतील?" चक्र २^१ पासून नाही, २^२ पासून सुरू होतं. त्यामुळे २^१ ऐवजी २^२१ बघायचा: २०९७१५२. शेवटी ५२, वजा एक, ५१. फाइलशी जुळलं. मी काही न केल्याचा मला अभिमान आहे.

गिरगावचे_आजोबा | मंगळवार, रात्री ९:१५

शाब्बास. त्या मुलीला माझ्यातर्फे एक पेन द्या.

आता ल्युकाची कसोटी. पुढे १९३० च्या सुमारास लेमरने ती सुटसुटीत केली, म्हणून ल्युका–लेमर कसोटी. रीत इतकी लहान आहे की पोस्टकार्डावर मावेल. चारपासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. त्या बाकीचं पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त. मधलं काही नाही. (घातांक विषम हवा एवढंच.)

३१ घेऊ, म्हणजे २^५ − १. तीन फेऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. बाकी शून्य. ३१ मूळ.

इथे भागाकारसुद्धा नावालाच आहे. नवाने भागल्यावरची बाकी काढायला आपण अंकांची बेरीज करतो ना, तसंच. १९४ मध्ये ३२ सहा वेळा जातात आणि २ उरतात; ६ + २ = ८, झाली ३१ ची बाकी. द्विमान पद्धतीत ३२ ने भागणं म्हणजे शेवटचे पाच अंक कापून घेणं. म्हणजे कापायचं आणि मिळवायचं, बस्स. एकांच्या रांगेची हीच मेहेरबानी आहे. ताईंनी विचारलं होतं, चार कोटी अंकांच्या इतर संख्या का नाहीत. त्यांच्यातही मूळ संख्या अगणित पडल्या आहेत, पण त्यांना अशी कसोटी लागू पडत नाही. दिवा जिथे आहे तिथे आपण शोधतो.

याच जातीच्या रीतीने ल्युकाने १८७६ मध्येच २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं. ३९ अंकी संख्या, यंत्राशिवाय. हाताने सिद्ध झालेली तेवढी मोठी मर्सेन मूळ संख्या दुसरी नाही.

कोडगा | मंगळवार, रात्री ९:५०

आणि २०२४ च्या संख्येसाठी हीच फेरी १३,६२,७९,८३९ वेळा, दर वेळी चार कोटी अंकी संख्येचा वर्ग! शाळेतल्या रीतीने वर्ग केला तर एकच फेरी कधी संपेल सांगवत नाही. म्हणून फूरिए रूपांतर नावाच्या गणिती युक्तीने झटपट गुणाकार करतात. ल्यूक ड्युरँट नावाच्या माणसाने, आधी एनव्हीडियात होता, १७ देशांतल्या भाड्याच्या ग्राफिक्स कार्डांवर हे चालवलं. आधी डब्लिनमधल्या कार्डाने 'बहुधा मूळ' म्हणून बोट दाखवलं, मग टेक्सासातल्या कार्डावर ल्युका–लेमर चालवून १२ ऑक्टोबरला खात्री झाली. जिम्प्स या १९९६ पासून चाललेल्या स्वयंसेवी उपक्रमातलं काम. आधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा, २^८२५८९९३३ − १. ही मर्सेन मूळ संख्यांतली ५२ वी. ५२ वी *ज्ञात*, बरं का. मध्ये एखादी राहून गेलेली असू शकते.

खारी_बिस्किट | मंगळवार, रात्री १०:०५

हे सगळं बँकेच्या सुरक्षेसाठी लागतं ना? म्हणजे जितकी मोठी मूळ संख्या तितकं कुलूप पक्कं?

कोडगा | मंगळवार, रात्री १०:३०

हा गैरसमज प्रत्येक बातमीच्या शेवटी चिकटवलेला असतो. आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या कुलपात दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो, हे खरं. पण त्या साधारण तीनशे अंकी असतात आणि, महत्त्वाचं म्हणजे, कुणालाच माहीत नसाव्या लागतात. यादृच्छिक निवडतात, तुमच्या मशीनवर, क्षणात. ही चार कोटीवाली जगजाहीर आहे. तिचं कुलूप म्हणजे किल्ली दारावरच टांगलेली.

मर्सेन अगदीच बिनकामाच्या नाहीत. २^५२१ − १ ही मूळ संख्या एका प्रमाणित लंबवर्तुळी वक्रात (कुलपांचीच आणखी एक जात) वापरतात. तिथे ती गुप्त असायची गरजच नसते, भागाकार स्वस्त पडतो एवढ्यासाठी घेतात. तेच ते, कापा आणि मिळवा.

चौथी_सीट | बुधवार, सकाळी ८:४४

माझी आवडती राहिलीच: २^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७. ३२ बिटांपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी ठेवला, तर उरलेल्यांत याहून मोठी पूर्ण संख्या मावत नाही. १९७० च्या सुरुवातीपासून सेकंद मोजणाऱ्या घड्याळांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला इथे पोचेल आणि जुन्या यंत्रांवर पुढच्या सेकंदाला उलटा होईल. आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. मंगळवार. म्हणजे ऐन गर्दीत.

गिरगावचे_आजोबा | बुधवार, दुपारी १२:१०

आणि ती मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, भागूनच! पण कसं ते बघा. वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं वर. ऑयलरने आधी सिद्ध केलं की हिचा अवयव असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. ४६,३४० पर्यंत २४८ च्या १८६ पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दोन उमेदवार, म्हणजे ३७२. एवढेच भागाकार, फार तर. (पहिल्या पायरीआधीचा ६३ उरतो, पण तो स्वतःच मूळ नाही.) तेव्हा ऑयलरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मी परवा डोळे दुखतात म्हणून लिहिणं थांबवलं त्याची लाज वाटली.

ठाकुर्लीकर | बुधवार, दुपारी १:००

आपल्याकडचं एक नाव राहतंय. आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, २००२. त्यांची कसोटी *कुठल्याही* संख्येला चालते, एकांची रांग असायची गरज नाही, आणि अंकांच्या प्रमाणात वेळ आटोक्यात राहतो हे सिद्ध झालेलं आहे. प्रत्यक्ष विक्रमासाठी मात्र ती फार संथ, तिथे अजून ल्युकाच.

मुलुंडची_पूर्व | बुधवार, रात्री ९:४०

आज भाचीकडे गेले होते. आजोबांची रीत दाखवली. जुन्या चलन-पावत्यांच्या पाठीवर दोघी हिशेब करत बसलो. १२७ तिने केली: ४, १४, ६७, ४२, १११, आणि शून्य. शून्य आल्यावर ओरडली इतकी की शेजारच्या काकू आल्या.

मग म्हणाली, आता २०४७ करू, ती नापास व्हायला पाहिजे. नऊ फेऱ्या. ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७… १८७७ चा वर्ग मी चुकले, तिने दुरुस्त केला. २४०, २८२, आणि शेवटी १७३६. शून्य नाही. ती त्या १७३६ कडे बघत बसली. "यात २३ कुठे दिसतच नाहीत. ८९ पण नाहीत. तरी कळलं!"

आजोबा, तुम्हाला दोन तास लागायचे म्हणालात. आमचे पाठकोरे पाच कागद गेले.

तिचा नवा प्रश्न. २ घेतला तर २^२ − १ = ३. ३ घेतला तर ७. ७ घेतला तर १२७. सगळ्या मूळ. मग १२७ घातला तर? आणि आलेली परत घातांकात घातली तर?

गिरगावचे_आजोबा | बुधवार, रात्री १०:१५

१२७ घातला की ल्युकाची ३९ अंकी, मूळ. तिथपर्यंत साखळी तुटत नाही. पण तिला सांगा, मूळ घातली की मूळच येईल असा नियम नाही. ८१९१ मूळ आहे आणि मर्सेनही आहे, तरी २^८१९१ − १ संयुक्त निघाली, १९५३ मध्ये, संगणकावर.

तिच्या साखळीतली पुढची कडी मूळ आहे की नाही हे आज पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही. ल्युका–लेमर तिथे लावताच येत नाही. त्या संख्येत किती अंक आहेत हे सांगणारी संख्याच ३८ अंकी आहे.

चौथी_सीट | बुधवार, रात्री १०:३१

दोन मिलिमीटरला एक अंक धरून मोजायला घेतली. विरार गेलं, सूर्य गेला, दिसणारं सगळं विश्व गेलं, अजून पहिल्या स्टेशनातच आहे. उतरतो.